प्रति: झिंक ऑक्साइडच का?
ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम (ग्लुकोज मोजायच्या सेन्सरमध्ये वापरतात ते) काचेवरच्या पातळ फिल्मवर बसवायला, त्या फिल्मसाठी झिंक ऑक्साइडच का, टिटॅनियम डायऑक्साइड का नको, असं वर विचारलंय. मुद्दा विद्युतभाराचा आहे. समविद्युत बिंदू म्हणजे ज्या पीएचला निव्वळ भार शून्य होतो तो; पीएच त्याखाली असेल तर भार धन, वर असेल तर ऋण. झिंक ऑक्साइडचा हा बिंदू साधारण ९.५, या एन्झाइमचा ४.२ च्या आसपास. म्हणजे ७.४ पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) फिल्म धन, एन्झाइम ऋण, आपसूक चिकटतं. टिटॅनियमवाल्याचा ६ च्या आसपास, म्हणजे ७.४ ला तोही ऋणच, तिथे ही ओढ नाही. 

फक्त आम्ल सांभाळा, झिंक ऑक्साइड त्यात विरघळतं. पुण्यात एमएस्सीला असताना मी घाईत झिंक ऑक्साइडची फिल्म चढवलेली काचपट्टी पीएच ४ च्या बफरमध्ये बुडवली आणि खाली अमृततुल्यात गेलो. परत येऊन बघतो तर निळसर-गुलाबी झाक गायब, नुसती काच! तीन दिवसांचं स्पिन कोटिंग (काच गरगर फिरवून थर चढवणं) अक्षरशः पाण्यात.