मदत हवी आहे: शेठकडे ग्रॅच्युइटी मागायची कशी?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं एका पेढीत हिशेब सांभाळले, दिवाळीनंतर नोकरी सोडली. पाच वर्षं भरली की दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिन्याच्या पगाराला 26 ने भागून, हे गणित मला पाठ आहे. बाकीच्यांचे आकडे मीच काढून दिलेत! स्वतःचे मागायचे म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. शेठ वाईट नाहीत, बहिणीच्या लग्नात त्यांनी उचल दिली होती, त्याचंच दडपण. परवा गेले, चहा प्यायले आणि "सहज आले होते" म्हणून परत!

आधी लेखी अर्ज देऊ की समोर बोलू? अर्ज दिला तर त्यांना राग येईल, असं आई म्हणते. संबंध न बिघडवता कुणी मागितली असेल, तर पहिलं वाक्य नेमकं काय बोललात?