डिस्टिलरीतल्या कार्बन डायऑक्साइडपासून मेथनॉल: परवडेल का?

वारणाकाठ:
आमच्या सहकारी साखर कारखान्याची डिस्टिलरी ६० केएलपीडीची, म्हणजे दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉलची. फर्मेंटरमधला (मळी आंबवायच्या टाकीतला) कार्बन डायऑक्साइड सध्या हवेत जातो. त्यापासून हरित मेथनॉल (स्वच्छ विजेवर बनवलेलं इंधन) करायचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आलाय. पैसा सभासदांचा आहे, म्हणून विचारतो. आकडे जुळतात का? आणि पर्यावरणाला खरंच फायदा होतो का?

प्रोसेसवाला:
गॅस उत्तम, जवळजवळ शुद्ध. लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो निघतो, म्हणजे तुमच्याकडे दिवसाला ४५ टन. त्यातून फार तर ३२ टन मेथनॉल होईल. पण खरा खर्च हायड्रोजनचा. टनभर मेथनॉलला साधारण १९० किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्यातून विजेने हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर किलोमागे ५०-५५ युनिट खातो. टनाला १०,००० युनिट धरा. ५ रुपये दर लावला तरी किलोमागे ५० रुपये नुसत्या विजेचे झाले. साधं मेथनॉल बाजारात तिशीच्या आसपास मिळतं.

वारणाकाठ:
को-जनची, म्हणजे कारखान्यात चिपाड जाळून केलेली वीज वापरली तर? कमी पडेल तिथे ग्रिडची.

प्रोसेसवाला:
सतत १३-१४ मेगावॉट लागतील, को-जन हंगामापुरतं. शिवाय ती वीज तुम्ही विकता, त्यामुळे ती फुकट धरू नका. ग्रिडची तर मुळीच नको. आपल्याकडे ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे टन मेथनॉलमागे ७ टन. असं मेथनॉल थेट कोळशाच्या मेथनॉलच्या पंगतीत जाऊन बसतं. त्याला हरित म्हणून सभासदांपुढे ठेवणं मला पटत नाही.

उत्तरवारा:
डेन्मार्कमधल्या कासो गावचा मेथनॉल प्रकल्प बघा. २०२५ मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला ४२,००० टन. शेजारी ३०० मेगावॉटचा सोलर पार्क, कार्बन डायऑक्साइड बायोगॅस प्रकल्पातला, आणि मर्स्क या जहाज कंपनीसारखं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. उलट स्वीडनमध्ये ओर्स्टेड या ऊर्जा कंपनीने बांधकाम सुरू झालेला असाच प्रकल्प २०२४ मध्ये सोडून दिला, कारण परवडेल अशा दराने दीर्घ मुदतीचे करार मिळेनात. तेव्हा प्रस्ताववाल्यांना पहिला प्रश्न हाच: जादा दराने घेणार कोण, आणि किती वर्षांसाठी? उत्तर लेखी घ्या.

प्रोसेसवाला:
सहमत. माझा सल्ला: गॅस आधी पकडा, शुद्ध करा, शीतपेय आणि कोरड्या बर्फवाल्यांना विका. प्रेसमडचा (रस गाळून उरलेल्या गाळाचा) सीबीजी, म्हणजे दाबाने भरलेला बायोगॅस करणार असाल तर गळतीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, त्यातला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो.

वारणाकाठ:
गॅस पकडायच्या प्लांटची कोटेशनं मागवतो. साठवण टाकी किती टनांची घ्यावी?