मेनूतले काही दुवे सगळ्यांना दाखवायचे नाहीत, प्लगइन कुठलं घेऊ?

कुळागरवाली: फोंड्याजवळ आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, त्यातच तीन खोल्यांचं होमस्टे. वेबसाइट वर्डप्रेसवर. भाच्याने करून दिली आणि तो बेंगळुरूला गेला! मला हवंय ते असं: 'एजंटांचे दर' फक्त लॉगिन केलेल्या एजंटांना दिसावेत, 'व्हॉट्सॲप करा' फक्त मोबाइलवर, आणि पावसाळ्यात 'दूधसागर जीप सहल' मेनूतून जावी. कुळ्याहून जीप बंद असतात, तरी लोक जुलैत फोन करतात आणि चिडतात माझ्यावर. कोड जमत नाही, म्हणून प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची तयार सोय, हवंय.

शुक्रवारचा_बाजार: 'इफ मेनू' किंवा 'नॅव्ह मेनू रोल्स'. दोन्ही फुकटात मिळतात. मेनूत प्रत्येक दुव्याखाली पर्याय येतो, टिक करायची की झालं. फक्त थीम (साइटचा साचा) जुन्या पद्धतीची हवी. नव्या पद्धतीची, म्हणजे ब्लॉक थीम असेल तर 'अपिअरन्स'मध्ये 'मेनू' हा भागच सापडणार नाही.

पाटोवरचा: ताई, प्लगइन टाकण्याआधी थोडं थांबा. मेनूतून दुवा गेला म्हणजे पान बंद झालं असं नाही. पत्ता माहीत असेल तर ते कुणीही उघडतं. शिवाय २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस साइटमॅप, म्हणजे सर्च इंजिनसाठी साइटवरच्या पानांची यादी, आपोआप बनवतं, त्यात तुमचं दरपत्रक असणार. म्हणजे गूगलच्या हातात आयतंच. आमच्या एका गिऱ्हाइकाचे घाऊक दर असेच बाहेर फुटले होते. पान 'प्रायव्हेट' करू नका, ते फक्त ॲडमिन आणि एडिटरला दिसतं, एजंटांना नाही. 'पासवर्ड प्रोटेक्टेड' करा. पासवर्ड एकदा टाकला की त्या ब्राउझरवर दहा दिवस पुन्हा विचारत नाही.

आता मोबाइलवरच्या दुव्याचं सांगतो. मोबाइल आहे की लॅपटॉप, ही तपासणी प्लगइन सर्व्हरवर करतं. साइटवर कॅशिंग असेल तर पहिल्या माणसासाठी बनलेलं पान पुढच्या सगळ्यांना जातं, मग लॅपटॉपवाल्यालाही व्हॉट्सॲप दिसतं. त्यापेक्षा त्या दुव्याला एक सीएसएस क्लास (दिसण्याचे नियम लावायची खूण) द्या आणि रुंद पडद्यावर तो लपवा. दोन ओळींचं काम, भाच्याला फोनवर सांगा.

कुळागरवाली: अरे देवा, दर तर आताच गूगलवर दिसताहेत. बघितलं मी! पासवर्ड घातला. म्हणजे एजंटांना लॉगिनची गरजच नाही ना? पानाचा पत्ता आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवते.

पाटोवरचा: लॉगिनची अजिबात गरज नाही. त्या पानासाठी प्लगइनही नको. गूगलवरचा जुना मजकूर जायला मात्र थोडे दिवस लागतील. हंगाम बदलला की पासवर्डही बदला.

शुक्रवारचा_बाजार: दूधसागरचा दुवा तर काढूच नका. लोक गूगलवरून थेट त्या पानावर येतात, मेनू बघतो कोण? पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहा, 'पावसाळ्यात जीप बंद'. मग फोन आलाच तर भाच्याचा नंबर द्या.