नांगराच्या आधी कडबा कटर

'लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर काढला आणि धंदा जोरात चालला' असं म्हटलं जातं. इतकं सरळ नव्हतं. १८८८ला बेळगावात सायकलचं दुकान, पुढं कडबा कापायचं यंत्र, मग १९०३चा लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी तो सुरुवातीला खपेना. परभणी-जालन्याच्या काळ्या रानात त्याचं काम लगेच कळतं: लाकडी नांगर माती नुसती फाडतो, हा पलटी करून हराळी-कुंदा या तणांच्या काशा (जमिनीतल्या मुळ्या) उन्हात टाकतो. पण ओढ जड, बैलजोड्या वाढवाव्या लागतात. शिवाय फाळ झिजतो. सुटा मिळाला नाही तर अख्खा नांगर भंगारात. कटरचा हिशेब मात्र सोपा (आणि दुष्काळात जास्तच पटणारा): कडब्याची पेंडी तशीच टाकली तर जनावर पाला खाऊन धाटं तुडवतं, बारीक कापून कुट्टी केली की धाटंही पोटात जातात. किर्लोस्करवाडी, म्हणजे कारखान्याचं गाव, नंतरची, १९१०ची. औंधच्या राजांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनापाशी जागा दिली तेव्हाची.