मदत हवी आहे: धनशक्ती बाजरीचं बियाणं घरचंच पुढे चालवता येतं का?

नमस्कार मंडळी,

घाटकोपरला राहते. लेक चौदाची, शाळेच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहतील, तेव्हा त्यावर सल्ला नको.

माझा प्रश्न बाजरीचा. इक्रिसॅट (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) आणि राहुरी कृषी विद्यापीठाची ‘धनशक्ती’ ही जास्त लोहाची बाजरी २०१२ मध्ये आपल्याकडे आली. किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह, ४० मिलिग्रॅम जस्त. लेक दिवसाला दोन भाकऱ्या खाते, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ, म्हणजे साडेदहा मिलिग्रॅम लोह. तिच्या वयाला रोजचे ३० धरतात. त्यातही बाजरीतलं फायटेट (लोह धरून ठेवणारा धान्यातला घटक) आडवं येतं, सगळं अंगी लागत नाही. म्हणून ताटात लिंबू आलं आणि जेवणावरचा चहा बंद झाला. (सासूबाईंचाही. घरात अबोला आहे.)

पण ही बाजरी मिळणार कुठे? गिरणीवाले काका म्हणाले, “ताई, बाजरी ती बाजरी.” वाशीच्या बाजारातही तेच, पोत्यावर वाणाचं नाव नसतं. धनशक्तीचा दाणा टपोरा, करडा असतो म्हणे, पण लोह काही डोळ्यांना दिसत नाही.

धाकटे दीर म्हसवडला शेती करतात. म्हणाले, “वहिनी, बियाणं आणून द्या, अर्धा एकर पेरतो.” वाण सरळ आहे, संकरित नाही, म्हणून बी घरचं ठेवता येईल असं मला वाटतं. पण बांधापलीकडे संकरित बाजरी असते. दोन-तीन वर्षांनी ती धनशक्ती राहील का?

आणि पीठ आठवड्यात कडवट होतं, पावसाळ्यात तर चार दिवसांत. काय करता तुम्ही?

प्रतिसाद:
ताई, बाजरीचे पराग वाऱ्यावर जातात, शेजारची बाजरी मिसळणारच. बियाण्यापुरता तुकडा इतर बाजरीपासून निदान दोनशे मीटर लांब ठेवायला सांगा आणि त्याच्या मधल्या भागातली कणसं बियाण्याला काढा. जमत नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी नवं प्रमाणित बियाणं घ्या. अर्ध्या एकराला किलोभर पुरतं. राहुरीच्या बियाणे विक्री केंद्रात मृगाच्या आधीच चौकशी करा, ऐनवेळी संपतं.

पिठाचं म्हणाल तर आम्ही धान्य साठवतो, पीठ नाही. एका वेळी किलोभरच दळून आणतो आणि डबा फ्रीजमध्ये.