मदत हवी आहे: तिसरीची मुलं रफारावर अडतात
ऐरोलीतल्या मराठी शाळेतली तिसरीची नऊ मुलं साधा मजकूर सरसर वाचतात, रफार आला की थबकतात. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. त्यामुळे नुसता वेग वाढवून भागणार नाही.

'सूर्य'चं 'सूय्र' होतं. रफार दिसतो 'य'च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र 'य'च्या आधी. घोळ तिथेच आहे. 'चक्र', 'ट्रक' बिनचूक येतात. 'सूर् + य' अशा पट्ट्या जोडून रोज दहा मिनिटं सराव चालतो. पट्टीवर जमतं, पुस्तकात पुन्हा तेच!

'वर्ग', 'सर्प' पक्के झाल्यावर थेट 'आश्चर्य' घ्यावं का? 'दुसऱ्या'तला र त्याच आठवड्यात शिकवावा की महिनाभर थांबावं? शिकवणाऱ्यांनी कृपया क्रम सांगा, श्रुतलेखनाचे शब्दही द्या.