अनुभव धागा: गोव्यात खाण्याच्या मागे मागे फिरताना

चौकस_जीभ

मंडळी, मी पर्वरीला राहतो. दर डिसेंबरात पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा ठरलेला फोन येतो, "फिश थाळी कुठे चांगली?" मी नाव सांगतो, ते जेवतात, फोटो टाकतात, विषय संपतो. गेल्या वर्षी मात्र भाच्याने विचारलं, "मामा, तुमच्याकडे बांगड्याच्या हुमणात (नारळाच्या आमटीत) तिरफळं घालतात, मग पापलेटच्या का नाही घालत?" मला उत्तर देता येईना. जन्म इथला आणि ही गत!

म्हणून हा धागा. हॉटेलांची नावं नकोत, ती कुठेही मिळतात. खाण्याच्या मागे मागे जाऊन गोव्यात तुम्ही काय पाहिलंत, कुणाला पिडलंत, कुठे फसलात, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. सायकलचा भोंपू वाजला की पोदेर (पाववाला) आला हे इथल्या पोरालाही कळतं, पण पाव होतो कसा ते बघायला मी वयाच्या पन्नाशीत गेलो. पहाटे साडेतीनला. भट्टी आतून घुमटासारखी. आधी आत लाकडं पेटवतात, घुमट तापला की निखारे बाजूला ओढून ओल्या फडक्याने तळ पुसतात, आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकवतात. पोई (पावाचा एक प्रकार) गव्हाच्या कोंड्यात लोळवलेली असते. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटांत ती फुग्यासारखी टम्म होते. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि बाहेर पडायला वाट नाही, म्हणून मधे पोकळी. ती पोकळी म्हणजे भाजी भरायचा खिसा. उंडो हा दुसरा पाव वरून कडक, आत मऊ. बांगडीसारखं कांकण चहात बुडवायचं.

पूर्वी पीठ फुगायला माडाची सूर (माडी) घालायचे. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. का, म्हणून विचारलं तर पोदेर म्हणाला, "माडार चडपी रेंदेरच उरूंक ना, सूर खंयसून हाडूं?" पाव बदलला तो माडावर चढणारा माणूस कमी झाला म्हणून, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

तिरफळ

आयडीच तिरफळ असल्याने भाच्याला उत्तर देणं माझं कर्तव्य! मी रसायनशास्त्र शिकवते, माहेर मडगाव, सासर सांगली.

तिरफळ आणि चिनी जेवणातली सेचुआन मिरी एकाच कुळातल्या. दोन्हींत असा एक घटक असतो, की तिखट लागण्याऐवजी जीभ झिणझिणते. बांगडा, तारले हे तेलकट मासे. त्यांच्या उग्र वासापुढे टिकेल असं काहीतरी लागतं. पापलेट नाजूक, तिरफळ त्याला खाऊन टाकेल. हा माझा तर्क, आईचं उत्तर "घालत नाहीत म्हणजे नाहीत" एवढंच होतं. आणि कुणाला करून बघायचं असेल तर आतली काळी बी काढून फेका. चव सगळी सालीत असते. माझ्या सांगलीच्या जाऊबाईंनी बियांसकट वाटली होती. कडूजहर.

दुसरा प्रयोग मुलांसाठी. बाजारातून सोलां घ्या (आपली आमसुलं), कोमट पाण्यात भिजवा आणि तो लाल अर्क तीन वाट्यांत घाला. एकीत लिंबू पिळा, एकीत चिमूटभर खायचा सोडा टाका, एक तशीच ठेवा. सोड्याची वाटी लालाची जांभळट-निळसर होते. कोकमातला रंग आंबटपणाप्रमाणे बदलतो. नारळाच्या दुधात सोलकढीचा लाल रंग गुलाबी होतो, त्यात पांढरं मिसळण्याइतकाच ह्या बदलाचाही हात असणार. माझ्या मुलाने हे बघितलं आणि सगळी सोलकढी सोड्याने नासवली, ते वेगळं.

पुणेरी_पर्यटक

माझा अनुभव फसण्याचा. मसाल्यांची बाग बघायला फोंड्याकडे गेलो होतो. बागेचं नाव सांगत नाही. गळ्यात झेंडूची माळ, हातात गवती चहाचा कप, मग वीस मिनिटांत अख्खं कुळागर (बागायत) पळत पळत. गाईडने पाच विनोद केले, त्यातले तीन व्हॅनिलावरचे. शेवटी बुफे आणि मसाल्यांचं दुकान.

पण एक गोष्ट खरंच लक्षात राहिली. जायफळाचं पिवळं फळ त्याने मधोमध फोडलं. आत गडद तपकिरी बी आणि त्यावर लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री. चाळीस वर्षं मसाल्याच्या डब्यात दोन्ही शेजारी ठेवले आणि ते एकाच फळातले आहेत हे माहीत नव्हतं! तिथल्या आजी बाहेरच्या सालीचं लोणचं करतात. ते दुकानात नव्हतं, त्यांनी घरातून वाटीत आणून दिलं.

व्हॅनिलाचं हसू होऊ नये म्हणून लिहितो. ते ऑर्किड आहे, मेक्सिकोबाहेर त्याचं परागीभवन हाताने करावं लागतं. ही युक्ती रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस ह्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने १८४१ साली शोधली. गाईडला मी हे सांगितलं. पुढच्या गटाला त्याने तेच ऐकवलं, वर "आमच्या संशोधनानुसार" जोडून.

हुर्राक_पंचमी

सत्तरी तालुका, एप्रिल, मित्राच्या मामाची काजूची बाग. डोंगरात जमिनीवर पडलेली बोंडं गोळा करायची, झाडावरची तोडायची नाहीत, कारण आपणहून पडलेलं बोंडच पुरतं पिकलेलं. बी पिरगळून काढायची. मग दगडात खोदलेल्या खळग्यात (त्याला इथे कोळंबी म्हणतात) बोंडं टाकून पायांनी तुडवायची. मीही तुडवली. पाय दोन दिवस चिकट, आणि नखांच्या कडा रसाने चुरचुरतात हे कुणी आधी सांगत नाही. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर दगड ठेवतात. त्यातून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. ताजा प्यायला तर दुनियेत दुसरं सरबत नको.

तुडवलेला रस आपला आपण आंबतो, यीस्ट कोणी टाकत नाही, ते बोंडावरच असतं. तीन दिवसांनी भट्टीवर. पहिल्या धारेला मिळतं ते हुर्राक, हलकं. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून काढलं की फेणी. मामा बाटली हलवून वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघत होते. फेणी हा शब्द फेसावरून आला असं सांगतात, मामांचं ते बघणं पाहिल्यावर मला ते पटलं. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक मात्र हंगामापुरतं, मेच्या शेवटी गायब. मीठ, लिंबू, उभी चिरलेली हिरवी मिरची घालून लिम्काबरोबर घेतात. डिसेंबरात येऊन हुर्राक मागू नका, वाढणारा तुमच्याकडे दयेने बघेल.

दुःखद भाग: येताना माडाच्या विनागराची (व्हिनेगरची) बाटली बॅगेत ठेवली होती. झाकण सैल निघालं. पणजी ते कोल्हापूर अख्ख्या बसला लोणच्याचा वास. शेजारचे काका म्हणाले, "बाळ, तुझं काहीतरी सांडलंय का, की तू असाच आहेस?"

माटोळीवाली

सगळे मासे आणि दारू! मी फोंड्याची सून, माहेर सातारा, आणि आमच्याकडे चतुर्थीचे दिवस पूर्ण शिवराक (शाकाहारी).

खाण्याच्या शोधात निघालेल्या माणसाने एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचा बाजार बघावा. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, तिला फळं, भाज्या, रानातली कायकाय बांधतात, ती माटोळी. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंनी यादी देऊन बाजारात पाठवलं. नारळाची पेण, सुपारीचा शिपटा, तोरिंग, निरफणस, आंबाडे, चिबूड, इथवर ठीक. पुढे कांगलां, माट्टी, घागऱ्यो, कवंडळ. मला वाटलं सासूबाई थट्टा करतायत.

बाजारात रस्त्याच्या दोन्ही कडेला डोंगरातून आलेल्या बायका गोणपाटावर ढीग मांडून बसलेल्या. मी एकेकीला विचारत सुटले, ह्याला काय म्हणतात, हे खातात का, कुठे उगवतं. एका म्हातारीने माझ्या हातात नारिंगी, लिंबाएवढं, गोल गुळगुळीत फळ ठेवलं. इतकं सुंदर, की मी घरी जाऊन चाखायचा विचार केला. ती ओरडलीच, "बाये, तें खावपाचें न्हय, तें कवंडळ!" माटोळीत टांगायचं, पोटात घालायचं नाही. खाण्याजोगं, औषधी आणि विषारी, तिन्ही एकाच चौकटीत टांगलेलं. रानातलं काय ओळखायचं ह्याची दरवर्षीची उजळणी. कुठल्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात एका सकाळी एवढं शिकवतात?

आता आमची मुलगी चवथीत आहे, सत्तर-ऐंशी वस्तू नावानिशी सांगते. मला अजून पन्नासच्या पुढे जाता आलेलं नाही. जास्तीत जास्त वस्तूंच्या माटोळीच्या स्पर्धाही होतात. तिथल्या माटोळ्या बघून मान दुखते.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी हळदीच्या पानातल्या पातोळ्याही चुकवू नयेत. पान उलगडताना वास येतो, त्यातच अर्धी चव आहे.

सायकलस्वार

पणजीहून रायबंदरकडे जाणारा सरळसोट रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मूळ बांध १६३३-३४ चा, पोर्तुगीज काळातला. त्याच्या आसपासच्या खाजनांकडे गाडीतून कुणी बघत नाही. सायकल लावून थोडं थांबा. खाजन म्हणजे खाडीलगत बांध घालून मिळवलेली जमीन. बांधात मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाणीच झडप ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. पावसाचं पाणी जमिनीतला खार धुऊन नेतं, तेव्हा खार सोसणारं कोरगुट भात लावतात. भात कापलं की मग खारं पाणी, मासे, सुंगटां (कोळंबी).

मिठागरं बघायची तर पेडण्याच्या आगरवाड्याला जा, गावाच्या नावातच आगर आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दहातले नऊ हिस्से पाणी उडून जाईपर्यंत मीठ खाली बसायला लागत नाही, म्हणून एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाणी फिरवत नेतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी गेलो होतो. पायाखाली काचेसारखं करकरत होतं, आणि डोळे उघडवत नव्हते. मिठागरावरच्या काकांनी मूठभर जाडं मीठ कागदात दिलं. घरी कैरीवर घातलं. बस.

नुस्तेंखाऊ

छोटी सूचना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा येऊन ताज्या इसवणासाठी (सुरमईसाठी) वेटरशी भांडू नका. त्यापेक्षा मेच्या अखेरीस मडगावला पुरुमेंताच्या फेस्ताला या. सुकी सुंगटां, खारे बांगडे, सोलां, चिंच, मिरच्या, पावसाळ्याची सगळी बेगमी रस्त्यावर. काणकोणची खोल मिरची (खोल हे गावाचं नाव) दिसली तर घ्या, २०२० पासून तिलाही मानांकन आहे. रंग देते, जाळत नाही. सुक्या सुंगटांच्या किसमुरासाठी (कोशिंबिरीसाठी) मी ऑफिसला दांडी मारलेली आहे, साहेब हा धागा वाचत नसावेत.

जुनी_पानं

पणजीत चर्चजवळ जी बाग आहे ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची. बाकावर बसून आइस्क्रीम खाणाऱ्यांपैकी किती जणांना तो कोण होता ते ठाऊक असेल? पोर्तुगालहून १५३४ साली आलेला वैद्य. इथल्या औषधी आणि मसाल्यांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. संवादाच्या रूपात आहे. एक नवखा पाहुणा प्रश्न विचारतो, वैद्य उत्तरं देतो. हिंग, आंबा, मिरी, दालचिनी. हा धागा वाचताना तेच आठवलं. तो १५६८ मध्ये वारला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याची हाडं उकरून जाळली. बागेत तसं काही जाणवत नाही, पोरं घसरगुंडी खेळत असतात.

पुणेरी_पर्यटक

माटोळीवाली ताई, ह्या चतुर्थीला येतोय. फोंड्याचा बाजार किती वाजता गाठू?

माटोळीवाली

सहाला पोचा दादा, आठनंतर पाय ठेवायला जागा नसते. कापडी पिशव्या दोन आणा, एक खायच्या वस्तूंची, एक टांगायच्या. त्या एकत्र करू नका, आणि कवंडळाची भाजी करायला वहिनींना सांगू नका.